तोंडावरचं फडकं

चॅनल काढायची कल्पना माझी, चेहरा मोठ्या भावाचा. मी वणीला एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होतो आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो की बोलायचं ते विसरायचो. दादा गावी घरची कपाशी पाहायचा. तो बोलायला लागला की पारावरून कोणी उठायचं नाही. मोबाइलचं नेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं. रविवारी मी मोटरसायकलने गावी जायचो. दादा शेतात उभा राहून त्या आठवड्याची कपाशी दाखवायचा आणि मी शूट करायचो.

बोंडअळीची ती वर्षं. हिरवंगार, टणक बोंड तो विळ्याने चिरायचा आणि आतली गुलाबी अळी बोटावर घ्यायचा. ‘पाहा, नवरदेव वरून कसा सजला, अन् आत हे!’ असं म्हणून स्वतःच हसायचा. मग औषध कोणतं, किती, कसं फवारायचं ते करून दाखवायचा.

सुरुवातीला पाहणारे सगळे आमचेच नातेवाईक होते. हळूहळू महागाव, झरीकडचे अनोळखी लोक येऊ लागले. प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख मिळतो. लोक कुठवर पाहतात आणि कुठे सोडून जातात, ते त्या रेषेवर कळतं. मला आकड्यांची सवय, त्यामुळे मी ती रेषा नेमाने पाहायचो. बोंड चिरेपर्यंत ती सरळ चालायची. फवारणी सुरू झाली की कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची.

कारण खालच्या कमेंटमध्येच होतं. फवारताना दादा नाकातोंडाला फडकं बांधायचा. ‘दादा, फडक्यातून काय बोलून राह्यले, समजत नाही.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘तोंड लपवून काहून बोलता? डाकू हाय का?’

मी दादाला आलेख दाखवला. पडणाऱ्या रेषेवरून त्याने बोट फिरवलं.

‘म्हंजे फडक्यानं पडते रेषा.’

‘फडक्यानं नाही, आवाजानं. तू फवारताना बोलूच नको. आवाज आपण मागून घरी भरू.’

‘घरी बसून बोललो तर तो रेडिओ होते, लेका. लोकायले माणूस पाह्यजे.’

पुढच्या रविवारी फडकं त्याच्या गळ्यात लोंबत होतं. ते बांध म्हणून मी दोनदा सांगितलं, त्याने दोनदा मान हलवली आणि पंप पाठीवर घेतला. त्या व्हिडिओची रेषा शेवटपर्यंत खाली आली नाही.

कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. एरवी फवारा कंबरेखाली राहतो. त्या वर्षी नळी खांद्याच्या वर धरावी लागे आणि औषधाचं धुकं फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरे. शेतात उभं राहून ते एवढं जाणवत नव्हतं. घरी व्हिडिओ कापताना दिसलं. दादाच्या डोक्याभोवती बारीक थेंब उन्हात चमकत होते आणि तो त्यांच्या मधोमध तोंड उघडून बोलत होता. दिसायला ते सुंदर होतं. लोकांनी लिहिलं, ‘एक नंबर सीन.’

वहिनीने मला अंगणात गाठलं. ‘भाऊजी, ह्यायच्या शर्टाचा वास तीन पाण्यात जात नाही. धुताना माह्ये हात चुरचुरतात. तुमी तरी सांगा, माह्यं कुठी ऐकतात!’

मी वणीहून मास्क आणि चष्मा आणला. दादाने दोन्ही चढवलं, मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं आणि म्हणाला, ‘हा कोन कंपाउंडर आला आपल्या घरी?’ वहिनीलाही हसू आवरलं नाही. मास्क आणि चष्मा खुंटीवर गेले.

पेपरात आतल्या पानावर छोट्या बातम्या येऊ लागल्या होत्या: अमुक गावचा माणूस फवारणीनंतर दवाखान्यात, तमुक गावचा दगावला. मी त्या दादाला वाचून दाखवल्या. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, ‘उपाशीपोटी फवारलं असन. मी भाकर खाऊन जातो.’ आमच्याकडे बहुतेकांचा हाच समज होता. जणू विष फक्त रिकाम्या पोटातच शिरतं.

भादव्यातला तो शेवटचा रविवार. पान हलत नव्हतं. मी पोचायच्या आधीच दादाने फवारणी सुरू केली होती. बांधाजवळ स्टँड लावून मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि हाक मारली. तो कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून बाहेर आला. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठाच्या कडेला लाळ.

‘राम राम शेतकरी भावांनो,’ असं तो नेहमीच्या जोरात म्हणाला, पण तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं.

‘दादा, इकडं पाह्य.’

तो माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. ‘मोबाइल कुठी ठेवला?’

मोबाइल त्याच्यासमोर हातभर अंतरावर होता.

मी तो बंद केला. बटणाचा आवाज त्याला ऐकू गेला. ‘बंद काहून केला? चालू ठेव. डोयात घाम गेला, होते ठीक,’ असं तो म्हणत होता आणि जवळच्या फांदीला धरायला हात पुढे करत होता. हात फांदीच्या बाजूने गेला. तोवर शेताच्या पलीकडच्या बांधावरून वहिनी धावत आली. तिने त्याच्या पाठीवरचा पंप ओढून काढला, शर्ट फाडून काढला आणि प्यायच्या पाण्याची कळशी त्याच्या अंगावर रिकामी केली. गावातल्या गाडीने आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, तिथून त्यांनी लगेच यवतमाळला पाठवलं.

वॉर्डात सगळे फवारणीचेच रुग्ण होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, डोळ्यांचं आत्ताच सांगता येणार नाही. दादाची नजर पुढे बरीचशी परत आली, पण त्या संध्याकाळी त्याला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. वहिनी उशाशी बसली होती. दादा तिला म्हशीचं पाणी, कुलूप, पंप कुठे ठेवला, असं काहीबाही विचारत होता.

शेजारच्या खाटेवरचा माणूस महागावकडचा होता. त्याच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या होत्या. दादाचं बोलणं ऐकून त्याने मान आमच्याकडे वळवली.

‘तुमी ते व्हिडिओवाले भाऊ ना? आवाज वयखीचा वाटून राह्यला. आमच्या गावात सारे तुमचंच पाहून फवारतात.’

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे.

‘नाही बाप्पा,’ दादा म्हणाला, ‘तो दुसरा कोनी असन.’

त्यानंतर त्या वॉर्डात असेपर्यंत तो मोठ्याने बोलला नाही. पाणी हवं असलं की वहिनीचा हात चाचपून दाबायचा.