आईला सांगितलेलं अंबाडीचं सरबत

परदेशी निघाले त्या दिवशी सावलीच्या एसटी स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा आईने माझ्या हातात डबा दिला आणि एकच अट घातली, "तिथी काई बी खाजो माय, पण पेऊ नोको." बाबा मोहाच्या दारूने गेले होते. त्यानंतर आईने बायका जमवून गावातल्या भट्ट्या फोडल्या. विहारात पंचशील म्हणताना, मद्यापासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला, तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मी "हो" म्हटलं. हॉटेलात काम आहे, एवढंच सांगितलं होतं. कसलं, ते नाही.

त्याआधी मी ताडोबाजवळ मोहर्लीच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना पाणी वाढायचे; तिथून हंगेरीतल्या एगर गावी, डोंगरात कोरलेल्या वाइनच्या तळघरात, पर्यटकांना वाइन चाखवायच्या कामावर येऊन पोचले. इथली तांबडी वाइन बिकावेर, म्हणजे बैलाचं रक्त. तुर्कांच्या वेढ्यात अडकलेले इथले शिपाई ही पिऊन लढले आणि शत्रूला वाटलं, हे बैलाचं रक्त पितात. ही गोष्ट मी पर्यटकांना रोज रंगवून सांगते. सोबत काय खावं तेही सांगते: पाप्रिका, म्हणजे इथली लाल मिरचीपूड, घालून मंद शिजवलेलं मटण, भाजलेलं बदक, धुरावलेले सॉसेज, जुनं कडक चीज, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे हरणाचं मांस. आपल्याकडे हरणाला हात लावला तर फॉरेस्टवाले दारात येतात, इथे ते मेनूकार्डावर आहे.

वाइनचा घोट तोंडात फिरवायचा, चव ओळखायची आणि थुंकायचा, ही कामाची रीत. एवढ्याने शील मोडतं का, हे कुणा भंतेजींना विचारायची हिंमत झाली नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी आईच्या हातचा आठवून झणझणीत रस्सा केला आणि सोबत बिकावेर घेतली. तिखटाने वाइन कडू झाली, रस्साही बिघडल्यासारखा लागला. दोघांचं काही जमेना. त्या दिवशी मी थुंकले नव्हते.

मग एकदा कामाच्या वेळेत आईचा व्हिडिओ कॉल आला. मी घाईत उचलला, आणि हातातला ग्लास तिला दिसला.

"हे लाल काय होय वो माय?"

"अंबाडीचं सरबत."

आई इतकी खूश झाली की विचारू नका. तिच्या दारूबंदीच्या बायकांना तिने सांगितलं, "माही पोरगी गोऱ्या लोकायले अंबाडीचं सरबत पाजते." महिन्याभराने पार्सल आलं. त्यात परसातल्या अंबाडीची वाळवलेली लाल बोंडं होती, निवडून, जुन्या ओढणीत बांधलेली. त्या गाठोड्यासमोर बसून मी रडले. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगून टाकलं. वाइनचं, थुंकण्याचं, न थुंकलेल्या दिवसाचंही. हे काम मला आवडतं, तेसुद्धा.

आई म्हणाली, "पेनाऱ्या लोकायच्या घरी कोनी रडते काय, हे पायलं काय तू कधी?"

मी पाहिलं होतं. आमच्याकडे भांडी घासणारी बाई डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन कामावर येते. तिचा नवरा काय पितो, हे सगळ्या तळघराला माहीत आहे. मी फोन ठेवला.

पुढे शेजारच्या काकूंकडून कळलं की आई दारूबंदीच्या बैठकीला जायची बंद झाली. "दुसऱ्याच्या लेकराले आता कोन्या तोंडानं सांगू?" म्हणते.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही मला नावं ठेवा, चालेल. माझ्यासारखेच निघून आलेल्यांनो, तुम्ही घरी काय काय सांगितलंय, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी काम सोडलेलं नाही. आईचा फोन रविवारी येतो. "जेवली काय?" "हो." "बरं." कामाचं ती विचारत नाही, मी सांगत नाही. घर म्हणजे आता ती दोन मिनिटं. मी खोटं बोलत होते तेव्हा आम्ही तासन्‌तास बोलायचो. खरं सांगू? त्या बोलण्याची मला फार आठवण येते.