आतोबांचा पारा

माझी आत्या थर्मामीटरच्या कारखान्यात आकडे पाडायची. काचेच्या नळीत पारा भरून आला की त्या नळीला अंश देण्याचं काम तिच्या खात्याकडे असे. लग्नाआधीपासून ती तिथे होती आणि लग्नही तिथेच जमलं.

तिच्या खोलीत भरपूर उजेड होता. लांब टेबलावर पाण्याचे दोन हौद. एकातलं पाणी अंगाच्या उबेपेक्षा जरा कमी गरम, दुसऱ्यातलं कडक तापाइतकं. नळी पहिल्यात बुडवायची, पारा थांबेल तिथे बारीक खूण करायची. मग दुसऱ्यात बुडवून दुसरी खूण. नंतर नळीला मेण लावून मधल्या रेघा सुईने कोरायच्या. नळी आम्लात घातली की मेण निघालेल्या जागीच काच खाल्ली जाते. त्या खाचांत काळा रंग चोळला, की झाला थर्मामीटर.

"प्रत्येक नळीचं भोक वेगळं असतं," ती सांगायची. "एकीच्या रेघा दुसरीला चालत नाहीत."

"माणसांसारखंच की," मी एकदा म्हटलं.

"माणसांचं मला काय माहीत," आत्या म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, भरणी खात्यात होते. त्यांची खोली जिन्याखाली. पंपाने नळीतली हवा काढून घ्यायची म्हणजे पारा आपसूक आत ओढला जातो, मग ज्योतीवर तोंड बंद करायचं. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून खिडक्या कायम लावलेल्या. खोली भट्टीसारखी तापायची. फरशीच्या फटींत पाऱ्याचे मणी चमकत असत. दिवस संपताना ते झाडूने गोळा करून परत बरणीत घालायचे.

तेव्हा कारखान्यात आतोबांना थंडोबा म्हणत. माणूस चिडायचाच नाही. कोणीतरी त्यांच्या मांडीवर उकळता चहा सांडला, तर हे म्हणाले, "अरेरे, चांगला झाला होता चहा." आत्याला आधी ते आळशीच वाटले होते. मग जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या शेजारी, मागच्या पायऱ्यांवर बसायला लागले. गप्पा कसल्या, तर थर्मामीटरच्या.

"सगळ्यात पहिल्याला आकडेच नव्हते, माहीत आहे?" ते विचारत. "नुसता काचेचा फुगा आणि खाली पाण्यात बुडवलेली नळी. उकडलं की पाणी खाली, गार पडलं की वर."

"मग किती उकडलं ते कसं कळायचं?"

"नाही कळायचं. नुसतं उकडलं म्हणायचं, आपण म्हणतो तसं. पुढे आकडे आले तर एका पंडिताने ते उलटे लावले. बर्फाला शंभर आणि उकळत्या पाण्याला शून्य. त्याच्या मागून सरळ केले लोकांनी."

"बायको असती तर वेळेवर सांगितलं असतं त्याला," आत्या म्हणाली. आतोबा इतके हसले, की डबा कलंडला. हा विनोद आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितला जायचा, मग कोणी सांगेनासं झालं.

पूर्वी डॉक्टरांचा थर्मामीटर हातभर लांब असे, आणि ताप कळेपर्यंत रोग्याला झोप लागे. फार थंड मुलखात पारा गोठतो, म्हणून तिथे लाल रंगाचं अल्कोहोल घालतात. अशी माहिती ते लग्नानंतरही पुरवत राहिले. मुलगी झाली, तिला खेळायला म्हणून एकदा त्यांनी पँटच्या दुमडीत अडकलेला पाऱ्याचा मणी ताटलीत सोडून दाखवला. बोट लावलं की फुटायचा, ताटली वाकडी केली की पुन्हा एक व्हायचा. आत्याने तो कागदावर घेऊन मोरीत टाकला. तिला तेव्हा भीती वाटली ती ताटली खराब होण्याची.

बदल नेमका कधी सुरू झाला ते आत्याला सांगता येत नाही. आधी अक्षर बिघडलं. मग कपाला बशी लागून वाजायला लागली. पाहुणे आले की आतोबा आतल्या खोलीत जाऊन बसायचे, बाहेर बोलावलं तर नव्या नवरीसारखे लाल व्हायचे. रात्रीची झोप गेली. आणि ज्या माणसाला राग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तो माणूस भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट भिरकावू लागला.

"थर्मामीटरवाल्याचा पारा चढला," शेजारी म्हणायचे आणि हसायचे.

कारखान्यात बोभाटा झाला की थंडोबा प्यायला लागला. हात कापतात, तोल जातो, दुसरं काय असणार? माझे बाबा एक दिवस मुद्दाम त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसले.

"वास तर येत नाही," परत आल्यावर ते आत्याला म्हणाले.

"वास न येणारी मिळत असेल, दादा," ती म्हणाली.

ती भांडली नाही, असं नाही. सुरुवातीला भांडली, रडली, माहेरी निघून आली. आतोबा न्यायला आले ते कोपऱ्यावरच उभे राहिले, दारापर्यंत यायची त्यांना लाज वाटत होती. ती आपली आपणच परत गेली. त्यानंतर मात्र तिचं बोलणं कामापुरतं उरलं. जेवायला वाढलंय. दूध संपलंय. मुलीने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. आत्याने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "पाठ दुखते, इथली फरशी सपाट आहे."

मग एकदा भरलेल्या नळ्यांचा अख्खा ट्रे आतोबांच्या हातून पडला. मालकांनी नोकरीवरून काढलं नाही. उपकार केल्यासारखं भरणी खात्यातच झाडू मारायला लावलं. म्हणजे आता ते दिवसभर वाकून फटींतला पारा गोळा करत.

त्यांच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, बोलता बोलता लाळ गळू लागली. एकटे दवाखान्यात जायला ते तयार होईनात, म्हणून आत्या अर्धी रजा काढून बरोबर गेली. दातांची डॉक्टरीण नवीन होती. तिने तोंडात बघितलं आणि उपकरण खाली ठेवलं.

"काम काय करता?"

आतोबा फरशीकडे बघत राहिले. आत्याने सांगितलं.

"इथे तुमचं नाव लिहा बघू," डॉक्टरीण म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. आतोबांनी दोन्ही हातांनी पेन धरलं. उमटलं ते अक्षर नव्हतं, शाईत बुडालेली मुंगी पळून गेल्यासारखं काहीतरी होतं.

"हे पितात का?"

"लोक म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी विचारायचं सोडून दिलं," आत्या म्हणाली.

लघवी तपासायला दिली. तिच्यात पारा निघाला, तोही भरपूर. डॉक्टरणीने दोघांना समोर बसवलं आणि लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. पाऱ्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही. बंद खोलीत ती नाकावाटे आत जाते आणि मेंदूपर्यंत पोचते.

"हात कापतात ते लोकांच्या लक्षात येतं," ती म्हणाली. "पण माणूस लाजरा होतो, एकलकोंडा होतो, उगाच भडकतो, ते कोणी आजारात धरत नाही. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला."

"म्हणजे ते ताट..." आत्या म्हणाली.

"कसलं ताट?"

"काही नाही."

बाहेर बस थांब्यावर ऊन होतं. आतोबांनी तपासणीचा कागद पुन्हा उलगडून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे मी वाईट नव्हतो?"

आत्या म्हणाली, "बस आली."

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज जराही हलला नाही. "काय बोलायला हवं होतं ते मला कळत होतं गं," ती म्हणाली. "पण आत बघितलं तर काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. डबा उघडावा आणि रिकामा निघावा, तसं."

दुसऱ्या दिवशी ती मालकांकडे गेली. मालक चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, त्यांच्या पिण्याचं सगळ्यांना माहीत आहे. कशाला उगाच पाऱ्याला नावं ठेवता? आपलं सगळ्यांचं पोट आहे त्याच्यावर."

आत्याने तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. "तुमचीही लघवी तपासून घ्या," ती म्हणाली. "तुमची केबिन बरोबर भरणी खात्याच्या वर आहे. वाफ वरच जाते."

ती कामावर परत गेली आणि हौदात नळ्या बुडवायला लागली. भीतीचा असा धक्का तिने ठरवून दिला नव्हता, जे होतं ते सांगितलं एवढंच. पण मालकांनी गुपचूप तपासणी केली असणार. कारण आठवडा उलटायच्या आत जिन्याखालच्या खिडक्या उघडल्या, हवा ओढणारे पंखे बसले आणि भरणी खात्यातल्या सगळ्यांना तपासणीला पाठवलं. जवळजवळ सगळ्यांच्या अंगात पारा निघाला. त्यांतल्या एका बाईला नवऱ्याने 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून माहेरी पाठवून दिलं होतं. तिने कागद वाचला आणि ती कारखान्याच्या दारातच बसून हसत सुटली. आत्या तिच्या शेजारी बसून राहिली, तिचं हसू थांबेपर्यंत.

आतोबांनी नोकरी सोडली. औषधं झाली. हाताची थरथर कमी झाली, गेली नाही. राग मात्र साफ गेला. ते पुन्हा शांत झाले, पण विनोद काही परतले नाहीत. मधल्या वर्षांतलं त्यांना नीट आठवत नसे, आणि ते भीत भीत विचारत.

"ताट मी फेकलं होतं का गं?"

"हो."

"तुला लागलं होतं?"

"मनगटाला."

ते तिचा हात खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट बघत. "दिसत नाही काही."

"गेली खूण."

"फार दुखलं होतं का?"

"आता आठवत नाही," आत्या म्हणायची आणि हात सोडवून घेऊन कामाला लागायची. अंथरूण तिने परत आतल्या खोलीत आणलं, दोन अंथरुणांमध्ये पाऊलभर जागा ठेवून. दोघं एकमेकांशी फार चांगलं वागायची, एका घरात राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारखं. आपली आई त्या दिवसांत एकदाही रडली असती तर बरं वाटलं असतं, असं माझी आतेबहीण अजून म्हणते.

पुढे इस्पितळांनी पाऱ्याचे थर्मामीटर घेणं बंद केलं. कारखान्याने काही दिवस भिंतीवर टांगायचे लाल अल्कोहोलचे थर्मामीटर काढले, मग सेलवर चालणारे आले. त्यांच्यात आकडे आपोआप उमटतात. आत्याचे हौद भंगारात गेले आणि तिला सेलची झाकणं बसवायला दिली. तिची काही तक्रार नव्हती. ती म्हणायची, झाकण काय, बसलं की बसलं.

आतोबा गेले ते फुप्फुसात पाणी होऊन. इस्पितळातली नर्स दर थोड्या वेळाने पिस्तुलासारखं यंत्र त्यांच्या कपाळावर रोखून ताप बघायची. हात लावायचं काम नाही, काच नाही, पारा नाही. आतोबांना शुद्ध असती तर त्यांनी ते नक्की हातात मागून घेतलं असतं. पहाटे ते गेले. आतेबहिणीने हंबरडा फोडला. आत्याने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली, मग उशाचा चष्मा घेतला, पुसला आणि घरी न्यायला पिशवीत ठेवला. बायका आपसांत म्हणाल्या, दगडाचं काळीज आहे. तिने ते ऐकलं. मीही ऐकलं.

मी खूप दिवसांनी विचारलं, "आत्या, तुला कधी कोणाचा राग नाही का गं आला? मालकाचा तरी?"

"राग होता तेव्हा तो यांच्यावर होता," ती म्हणाली. "तो चुकीचा होता असं कळलं. मग दुसरीकडे नेऊन ठेवायला तो उरलाच नव्हता."

आता ती निवृत्त झाली आहे. गुरुवारी ती भरणी खात्यातल्या त्याच बाईकडे जाते, जी कारखान्याच्या दारात हसत सुटली होती. ती बाई एकटीच राहते आणि तिचे हात अजून कापतात. आत्या तिची नखं कापते. मी एकदा बरोबर गेले होते. आत्याने तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, वरून आपल्या तळव्याने दाबून धरला आणि एकेक नख सावकाश कापलं. कापून झाल्यावर आत्याने नखं कागदात गोळा केली आणि विचारलं, "पायाचीही कापू का?"

"काप," ती बाई म्हणाली.