अडीच अंश डावीकडे

क्वेतोस्लाव विम्येतालनं तीन वर्षं चारचौघांत कॉफी घेतली नव्हती. मॉडेल करणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी दर मंगळवारी काचेच्या पेल्यातून, तळाला गाळ बसलेली ती काळी कडू कॉफी ढोसायची. याला विचारलं की म्हणायचा, पोट बरं नाही. पोटाला काय धाड भरली होती! डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी घरी बायकोच्या दुप्पट हाणायचा. बिघडला होता तो उजवा हात. नुसता मांडीवर पडलेला असला की शहाण्यासारखा गप्प असे, पण काही उचलायला पुढे केला की बोटं थरथरायला लागत. पेला बशीवर वाजला असता आणि सगळ्या क्लबाला कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी यानं ती खरोखरच खिशात झाकून ठेवली होती.

आता हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यानं काय करावं? बागेत टोमॅटो लावावेत. पण हा बसला होता लढाऊ हेलिकॉप्टरचं मॉडेल करत. अस्सलच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचंही नाही, आणि त्यावर पत्रे जोडणारा प्रत्येक रिव्हेट जिथल्या तिथे. आमच्या हाना नावाच्या सपाट मुलखात असले वेडे गावोगाव सापडतात, पण हा त्यातलाही अर्क होता. गावाबाहेरच्या हवाई तळावर तो अकरा वर्षं मेकॅनिक होता आणि त्याच्या ताब्यातलं यंत्र होतं एकोणचाळीस नंबरचं. तेच एकोणचाळीस तो करत होता. तसलं दुसरं कुठलंही चाललं नसतं.

घाईचं कारण होतं. गावच्या संग्रहालयात तळाच्या आठवणींचं एक काचेचं कपाट होणार होतं. त्यात एकच हेलिकॉप्टर ठेवायचं आणि ते वसंतातल्या स्पर्धेत परीक्षकांनी निवडायचं, असं ठरलं होतं. विम्येतालला पक्कं ठाऊक होतं की हे आपलं शेवटचं मॉडेल. पुढच्या वर्षी हा हात चिमटासुद्धा धरू देणार नाही.

तर त्यानं दोन वर्षं मनगट टेबलाच्या कडेला दाबून, तुकडे कपड्यांच्या चिमट्यांत अडकवून काम रेटलं. रंगकामाच्या दिवशी आलुबुखारच्या दारूचा अर्धा पेला घ्यायचा, की हात दोनेक तास ताळ्यावर येई. बायको द्राहोमीरा बाटलीवर लक्ष ठेवून असायची.

खरी धास्ती मात्र वेगळीच होती. हे यंत्र जमिनीवर उभं असताना सरळ नसतंच. हवेत एका जागी ठरावं म्हणून त्याचा वरचा पंखा अंगाच्या मानानं अडीच अंश उजवीकडे कललेला असतो, आणि चाकांचे पाय असे बसवलेले, की जमिनीवर पंखा सपाट राहतो नि अंग डावीकडे झुकतं. अकरा वर्षं त्याच्या पायरीवर चढउतार केलेल्याला हे कुणी सांगावं लागत नाही, कंबरेला माहीत असतं. पण खोक्यातून येणारे सुटे भाग जोडले की हेलिकॉप्टर उभं राहतं सैनिकासारखं ताठ. विम्येतालनं पंख्याचा दांडा कापला, पाय कापले, पुन्हा बसवले. सात महिने गेले. आणि मॉडेल डावीकडे झुकून उभं राहिलं तेव्हा आनंद व्हायचा तो बाजूलाच राहिला. कुणी आपला हात पाहिला, तर हा झोक यंत्राचा आहे असं कोण मानणार? म्हणतील, म्हाताऱ्याचा हात हलला. काचेच्या कपाटात ते कायमचं हाताच्या थरथरीचं स्मारक होऊन बसेल, नाहीतर तिथवर जाणारही नाही.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी द्राहोमीरानं आपण होऊन बाटली पुढे केली.

"अर्धा पेला घे. परीक्षण होईपर्यंत हात गप्प बसेल."

"आणि तोंडाचा वास? सकाळी दहा वाजता प्यालेला म्हातारा आणि मॉडेल वाकडं. झालंच मग कल्याण."

"मग हात खिशात ठेव आणि कुणाच्या नजरेला पडू नकोस."

पण हात खिशात ठेवून भागणार नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. आमच्याकडे रिवाज असा, की मांडलेल्या मॉडेलला करणाऱ्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. परीक्षकाचाही नाही. त्याला खालची बाजू बघायची झाली तर तो मालकाला बोलावतो आणि मालक आपल्या हातानं उचलून दाखवतो. विम्येताल दोन आठवडे एकच आशा धरून होता, की परीक्षक उचलायला सांगणार नाही. हेलिकॉप्टरांचा नेहमीचा परीक्षक जाणता होता. तो बघूनच ओळखेल.

सांस्कृतिक भवनात पोचल्यावर कळलं, की त्याचा पाय मोडलाय. त्याच्या जागी ओलोमौत्सहून मार्सेल पेश्का आला होता. माणूस सज्जन, पण आयुष्यभर विमानं तपासलेला. आणि विमानं जमिनीवर ताठच उभी असतात.

त्यात टेबलावर शेजारी कोण, तर लुमीर कोउत्नी. हा गावचा दातांचा डॉक्टर, तीस वर्षांचा दोस्त आणि तीस वर्षांचा वैरी. त्यानंही तेच हेलिकॉप्टर केलेलं. चकचकीत, देखणं आणि ताठ. विम्येतालला तो सगळ्यांसमोर रिव्हेटमोज्या म्हणायचा, आणि झोकाचा विषय निघाला की विचारायचा, अडीच अंश कुणाच्या बापाला दिसतात?

पेश्काला दिसले. तो टेबलाशी वाकला, एक डोळा मिटला, छोटी बॅटरी मारली. कोउत्नीच्या मॉडेलकडे पाहिलं, पुन्हा याच्याकडे. आणि वहीत काहीतरी लिहायला लागला.

"हे डावीकडे कललंय, विम्येताल."

असंच असतं ते, असं विम्येताल पुटपुटला. त्यानं मॉडेलसोबत ठेवायच्या पुराव्याच्या फाइलमधला फोटो दाखवला, एकोणचाळीसच्या नाकाशी उभा असलेला तरणाबांड तो स्वतः. पेश्का म्हणाला, फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा तिरपा धरला असेल, आणि शेजारचं तर सरळ आहे. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "जरा उचलता का? पायांचे सांधे बघतो."

भोवती दहाबारा माणसं जमली होती. उचललं नाही तर वाकडं म्हणून बाद, आणि उचललं तर हात दाखवून अवलक्षण. विम्येतालनं दोन्ही हात खिशातून काढले, मॉडेल पोटाखालून धरलं आणि वर घेतलं. पंख्याची लांब पाती लटलट हलायला लागली. शांत हॉलमध्ये प्लास्टिकचा तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. कुणीतरी खोकलं. द्राहोमीरा दाराशी उभी होती, तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

मॉडेल त्यानं खाली ठेवलं. पेश्काच्या चेहऱ्यावर दया आली होती, आणि ती वाकडं म्हणण्यापेक्षा शंभर पटीनं वाईट होती.

"या वयात एवढं काम केलंत, हेच खूप आहे," पेश्का म्हणाला.

विम्येतालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं लपवलेलं एका क्षणात उघडं पडलं होतं. आता लपवायला उरलं काय!

"वय काढू नका. माझा हात हलतो, कबूल. पण हे हलून झालेलं नाही. मोजून केलंय."

त्यानं खिशातून बुडबुड्यानं सपाटी दाखवणारी नखाएवढी पाणसळ काढली, कॅमेऱ्यावर बसवतात तसली, आणि पंख्याच्या डोक्यावर ठेवून बघा म्हणाला. पेश्का मागे सरला. परक्या मॉडेलला हात लावणं त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. विम्येतालनं स्वतः ठेवायची तर बुडबुडा नाचत राहिला असता, पातंही मोडलं असतं. तो वळला.

"लुमीर, तू ठेव."

आमच्या क्लबात असं कधी कुणी कुणाला म्हटलेलं नाही. आणि म्हटलं तेही कुणाला? ज्याचं ताठ हेलिकॉप्टर शेजारीच उभं होतं, ज्याचा हात नुसता चुकून जरी घसरला असता तर कपाट त्याचंच होतं, त्याला. कोउत्नीनं आधी स्वतःच्या मॉडेलकडे पाहिलं. मग तळवे विजारीला पुसले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात काम केलेला हात तो, जराही हलला नाही. पाणसळ बसली. बुडबुडा कडेला गेला, परत आला आणि मधोमध थांबला.

कोउत्नीनं वाकून आधी बुडबुडा पाहिला, मग झुकलेलं अंग.

"पाय चुकून वाकडे लागले असते तर पंखाही कलला असता," तो पेश्काला म्हणाला. "पंखा सपाट आहे आणि अंग झुकलंय. असं चुकून होत नाही." मग स्वतःच्या मॉडेलकडे बोट करून म्हणाला, "चुकलंय ते माझं. दहा वर्षं हा कानीकपाळी ओरडतोय. मीच कापायचा आळस केला."

पेश्कानं वहीतली ओळ खोडली. विमानवाला असला तरी माणूस सरळ होता. नंतर त्यानं पुन्हा बॅटरी मारली आणि म्हणाला, पुढच्या काचेवरचा वायपर मात्र वाकडा आहे.

"तो हाताचाच," विम्येताल म्हणाला. लोक हसले, आणि मग तोही हसला. अर्धा गुण गेला.

दुपारी निकाल लागला. कपाटासाठी एकोणचाळीसच निवडलं गेलं. खोक्यात भरताना कोउत्नी न सांगताच पुढे झाला आणि त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं. विम्येतालनं त्याला विचारलं, हाताचं तुला आजच कळलं का?

"तुझी दाढ काढली तेव्हापासून. तू खुर्चीचा दांडा धरलास आणि खुर्ची हलायला लागली माझी."

"दोन वर्षं झाली त्याला. मग बोलला का नाहीस?"

"तू पोट सांगत होतास. म्हटलं, पोट तर पोट." मग खोक्याचं झाकण लावत तो म्हणाला, "पुढचं माझ्याकडे करायचं. तू शेजारी बसून ओरड, मी चिकटवतो."

"ताठ चिकटवशील."

"तू असताना? छाती आहे का माझी?"

विम्येतालनं झाकण नीट बसलंय का ते चाचपून पाहिलं.

तेवढ्यात क्लबची सेक्रेटरी कॉफीचं तबक घेऊन आली. सगळ्यांना देत देत त्याच्यापाशी पोचली आणि सवयीनं त्याला टाळून पुढे गेली. त्यानं तिला हाक मारून परत बोलावलं. पेला उचलताना बशीवर खणखण वाजला, थोडी कॉफी टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर सांडली, आणि सगळ्यांनी पाहिलं. द्राहोमीरा रुमाल घेऊन पुढे आली, पण त्यानं मानेनंच नको म्हटलं. कॉफी कडू होती आणि निवलेलीही होती. ती संपवून त्यानं आणखी एक मागितली.