प्रसादाला नाही म्हणायचं नसतं

मला यापुढे गहू चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी चक्क हसले. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला गव्हाचं काय एवढं? घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, दोन वेळचा भात. सहज निभेल, म्हटलं. पण आमच्याकडे रोजचं जेवण तांदळाचं आणि पाहुणचार गव्हाचा. पाहुण्याच्या पानात भाकरी वाढायला घरच्या बाईला कमीपणा वाटतो. मी जाईन तिथे पुऱ्या तळल्या जायच्या आणि मी त्या बाजूला सारल्या की तळणारीचं तोंड उतरायचं. बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर मी आमटीचीसुद्धा चौकशी करू लागले. मग तर बोलायलाच नको. "चिमूटभर खाल्ल्यानं काय होतंय गो?" असं प्रत्येक घरात कुणीतरी विचारायचंच.

काय होतं ते मला ठाऊक होतं. एकदा भिडेखातर चिमूटभर खाल्लं आणि आठ दिवस अंथरुणात काढले. त्या अंथरुणातच ठरवलं, भीड पुरे झाली.

माझ्या मोठ्या नणंदेचं घर पावसला आहे. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वन्संनीच वाढवलं. माझे आईवडील गेल्यावर मलाही माहेर म्हणून तेवढं एकच घर उरलं. दर मे महिन्यात त्यांच्याकडे सत्यनारायण असतो. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर त्या शिऱ्याचा प्रसाद घेऊन माझ्यासमोर आल्या.

"वन्सं, मला नको. नमस्कार करते, माझ्या वाटचा ह्यांना द्या."

ओटीवरच्या सगळ्या माना वळल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणतात होय? आत्ताच कथा ऐकलीस ना?" प्रसाद न घेणाऱ्याचं कथेत काय होतं ते सगळ्यांनाच पाठ. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, की मला गव्हाचा कणही चालत नाही, रव्याचा हात किंवा डाव लागलेलंसुद्धा चालत नाही. हा आजार आहे, माज नाही. शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात गेलं, हे कबूल करते.

"देवापेक्षा डॉक्टर मोठा झाला तुझा," वन्सं म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन यायचा तो भावाला. मला रडू यायचं, रागही यायचा. पण शिरा खाल्ला नाही याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

यंदाही पूजेचं बोलावणं भावालाच आलं. "तू राहा हवं तर," हे म्हणाले. मी म्हटलं, पूजेला बोलावणं कशाला लागतं? मी येणार. आणि उपाशी बसायलाही येणार नाही. आमच्या भटजींना आधीच विचारून ठेवलं. "गहू नसेल तर तांदूळ चालतो, सोय आहे शास्त्रात," ते सहज म्हणाले. शास्त्राला चालतं ते फक्त शेजारच्या काकूंना चालत नव्हतं! त्या दिवशी सकाळी मी तांदळाच्या रव्याचा शिरा केला. नैवेद्याची चव घ्यायची नसते म्हणून बोटसुद्धा लावलं नाही.

पावसला पोचल्याबरोबर डबा वन्संच्या पुढ्यात धरला. "हा पण देवापुढे ठेवा. तांदळाचा आहे."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चव घेतलीस?"

"नाही."

वर्षभरात आमचं एवढंच बोलणं झालं. डबा मात्र चौरंगाजवळ गेला आणि त्याच्यावर तुळशीचं पान आलं.

आरती झाली. वन्संनी सगळ्यांना शिरा वाटला. माझ्यापर्यंत आल्या आणि परात खाली ठेवून सरळ मागच्या दारी गेल्या. मोरीवर पाणी वाजलं. त्या परतल्या तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि हातात नवा, कोरा चमचा होता. गेल्या वर्षीचं माझं बोलणं त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं होतं.

"चिमूटभर इथलाही घेऊ दे की तिला," काकू म्हणाल्याच.

"चिमूटभरसुद्धा नाही," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी माझ्या डब्यातला शिरा माझ्या हातावर ठेवला आणि थोडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. मीही खाल्ला, तेव्हा कळलं. गव्हाचा कण लागू नये म्हणून भांडी तीन तीनदा धुण्याच्या नादात मी साखरच घातली नव्हती.

वन्सं कसाबसा घास गिळत होत्या. मी डबा आणखी पुढे केला.

"घ्या वन्सं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि हात पुढे केला.