परक्या विहिरीतला वाटा

अहिरे साहेबांकडे दोन दूधवाले यायचे. घरात माणसं दोन, त्यातलंही पुढे एकच उरलं, तरी अर्धा लिटर या गवळ्याचं आणि अर्धा लिटर त्या गवळ्याचं. भाजी पंचवटीतल्या बाजारात जाऊन दोन वेगवेगळ्या बायकांकडून घ्यायची, डॉक्टर दोन, गॅसच्या टाक्या दोन. शिवाय विजेची शेगडी, आणि हे सगळंच दगा देईल म्हणून माळ्यावर रॉकेलचा स्टोव्ह, ज्याला रॉकेल मिळणं कधीच बंद झालं होतं. स्कूटरची टाकी अर्ध्याखाली उतरली की या माणसाला चैन पडत नसे. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ते राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकांनी निदान करून टाकलं की माणूस चक्रम आहे. मीही त्याला मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

मी छापखान्यातून निवृत्त झालेला माणूस, हातात वेळच वेळ आणि तोंडाला कुलूप नाही. एके सकाळी दुधाची पिशवी हातात असतानाच त्यांना गाठलं आणि विचारलं, "साहेब, हे दोन-दोन काय प्रकरण आहे?"

"गायकवाड, एकाच दारावर उभं राहायचं नाही," ते म्हणाले. "ते दार लागलं की आपण रस्त्यावर."

"अहो, पण दूध आहे ते! दुकानात पिशव्या पडल्यात ढीगभर."

"दुधात सवय लागली, की मोठ्या गोष्टीत माणूस चुकत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा वाटलं, शिष्ट दिसतोय. पुढे कळलं की ते वाक्य अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं त्यांना गिळावं लागत होतं.

साहेबांची सगळी नोकरी सरकारी तेल कंपनीत गेली, त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं दिल्लीत, परदेशातल्या तेलाचं बघणाऱ्या खात्यात. कुठल्या देशात, कुठल्या तेलक्षेत्रात आपल्या देशानं हिस्सा घ्यावा, कुणाशी लांबचा करार करावा, कुठून अंग काढून घ्यावं, याची टिपणं हे लिहायचे. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग एकदा गच्चीवर पापड वाळत घातले होते, त्यांची राखण करता करता त्यांनी समजावलं.

ते मूळचे कळवण तालुक्यातले. म्हणाले, "आमच्याकडे एका विहिरीत चार-पाच घरांचे वाटे असतात. ज्याच्या रानात पाणी लागत नाही, तो दुसऱ्याच्या विहिरीत वाटा धरतो. देशाचं तसंच आहे. आपल्या जमिनीत तेल पुरेसं नाही, मग परक्याच्या विहिरीत वाटा घ्यायचा. आणि एकाच विहिरीत नाही, चार दिशांना चार."

"आणि ते तेल आपल्या बंदरात येतं?"

"बरंचसं तिथल्या जवळच्या बाजारातच विकलं जातं."

"घ्या! मग उपयोग काय?"

"वेळ आली तर आपलं म्हणून मागता येतं." मग पापड उलटत हळूच म्हणाले, "मिळतं की नाही, ते वेळ आल्यावरच कळतं. कागदावरच्या तेलानं चूल पेटत नाही, गायकवाड. हे मी टिपणात कधी लिहिलं नाही, पण मला माहीत होतं."

लिलावांच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगायचे. शेजारच्या खुर्चीवर चिनी कंपनीचे लोक. आपली माणसं दिल्लीला फोन लावून एकेक परवानगी मिळवेपर्यंत ते सही ठोकून जेवायला गेलेले असायचे. मध्यंतरी आखातात पुन्हा पेटलं, टीव्हीवर सामुद्रधुनीचा नकाशा दिसायला लागला, तेव्हा सगळी कॉलनी साहेबांच्या दारात. टाकी मिळेल ना, पेट्रोल भरून ठेवू का, एक ना दोन. ते शांतपणे म्हणाले, "त्या चिंचोळ्या पाण्यात आपली अर्धी चूल आहे. भरून ठेवा, पण साठा करू नका." आणि आत जाऊन त्यांनी टीव्ही बंद केला. तेलात जन्म काढलेला माणूस तेलाच्या बातम्या बघत नसे, याचं मला फार नवल वाटायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते कळवणला जायचे. गावात त्यांचं कुणी उरलेलं नव्हतं. शेत भावकीकडे गेलेलं, घर पडलेलं. मुलगा बंगळुरूला. तो बोलावून बोलावून थकला, पण हे नाशिक सोडायला तयार नाहीत. वहिनी गेल्या, त्यांच्या दिवसांत जो रविवार आला, तेवढा एक चुकला. एरवी पाऊस असो, ताप असो, सकाळची एस.टी. ठरलेली. एकदा गुडघा धरला म्हणून मला म्हणाले, "सोबत येता का?" मी काय, एका पायावर तयार.

कळवणच्या अलीकडे एका वस्तीवर उतरलो. हौसाबाई नावाच्या बाईंचं दोन खोल्यांचं घर. सत्तरीच्या असतील, काटक, कपाळ मोकळं. साहेबांना बघून लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आले का सायेब? पाय धुवा. लय वाट पाह्यली." भिंतीवर एका तरुणाचा फोटो, हार घातलेला. हा रवी, त्यांचा एकुलता एक. नाशिकला इंजिनिअर झाला. साहेबांनी शब्द टाकून त्याला तेल कंपनीच्या परदेशातल्या कामावर लावलं आणि तिथंच तो गेला, एवढं मला बसमध्ये कळलं होतं.

बाजरीची भाकरी, कांद्याची पात, ठेचा. साहेब खाली मान घालून जेवत होते, बाई वाढत होत्या. दोघांचं बोलणं असं काही नाहीच. कांदा कसा निघाला, गुडघा कसा आहे, संपलं. मला वाटलं, हे एवढ्यासाठी तीन तास बस हाणतात? जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, "ताई, एक सांगायचं होतं..."

बाई चटकन उठल्या. "बसा, चहा ठेवते." आणि चुलीपाशी जाऊन भांडी वाजवत राहिल्या. चहा आला, तोवर साहेबांचा धीर गेला होता. निघताना बाईंनी कांद्याची पिशवी हातात दिली आणि साहेबांच्या पाया पडायला वाकल्या. साहेब दोन पावलं मागे सरले, जणू अंगावर कुणी निखारा टाकतंय.

परतीच्या बसनं वणी मागे टाकलं. मग साहेब खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"गायकवाड, विहिरीत नुसता वाटा असून भागत नाही. पाण्याची पाळी असते. आपल्या पाळीला आपला माणूस विहिरीवर हजर नसला, की पाणी पुढच्याच्या रानात जातं. दोनदा गैरहजर राहिलं, की लोक म्हणतात, यांना गरज नाही. लहानपणी तापानं फणफणत असताना मला वडिलांनी पाळीला उभं केलंय. तेच माझ्या डोक्यात बसलं."

रवी कामाला होता त्या वाळवंटी देशात यादवी सुरू झाली, तेव्हा आपली माणसं परत आणायचं ठरत होतं. पण करारात एक कलम होतं. ठरावीक दिवस क्षेत्रावर आपलं माणूस नसलं, तर वाटा सोडला असं धरलं जाईल. चिनी लोक टपूनच बसलेले. साहेबांनी टिपण लिहिलं. बाकी सगळ्यांना आणावं, पण किमान चार माणसं तिथं ठेवावीत.

"वर सहा सह्या झाल्या त्यावर, पण वाक्य माझं. नावंही मीच सुचवली. रवीचं नाव का घातलं माहितीये? तो आपला, गावाकडचा म्हणून. परका पळून जाईल, आपला माणूस पाळी सोडणार नाही."

रवीची गाडी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर गेली. पेटी आली ती उघडू दिली नाही. आणि ज्या वाट्यासाठी त्याला ठेवला, तो वाटा वर्षा-दीड वर्षानं कंपनीनं आपणहून सोडला. तोट्यात आहे म्हणून.

"बाई मला देव मानतात," साहेब म्हणाले. "त्यांना वाटतं, मी त्याला आणायला धडपडलो. पुढच्या खेपेला सांगून टाकतो. काय व्हायचं ते होऊ दे."

आता इथं माझं नाक खुपसायचं काही कारण होतं का? पण गप्प बसेन तर मी कसला! मी म्हणालो, "साहेब, वेडे आहात का? त्या माउलीला जगात दुसरं कोण आहे? महिन्यातून एकदा तुमची वाट बघते, त्यावर जगते. तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तिच्या डोक्यावर ठेवता? नाही सांगायचं."

त्यांनी खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. म्हणाले, "असं म्हणता?"

"असंच म्हणतो."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला तर वाटलं, फार शहाणपणाचं काम केलं आपण. घरी येऊन बायकोलाही ऐटीत सांगितलं.

त्यानंतर साहेब खंगत गेले. रविवार चुकवत नव्हते, पण परत आले की दोन दिवस दार बंद. दोन दूधवाल्यांपैकी एक बंद केला. मी चेष्टा केली, "काय साहेब, धोरण बदललं?" तर म्हणाले, "आता दाराचं काय करायचंय." मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तीन दिवस होते. मुलगा आला होता. शेवटच्या संध्याकाळी शुद्धीत होते, माझा हात धरून म्हणाले, "गायकवाड, पहिला रविवार आलाय. पाळीला कुणी तरी गेलं पाहिजे." सकाळी गेले.

म्हणून मी गेलो. बातमी द्यायला दुसरं कोण जाणार? बसमध्ये ठरवलं होतं, बातमी द्यायची आणि निघायचं, बाकी अवाक्षर काढायचं नाही.

हौसाबाई दारातच उभ्या होत्या. मला एकट्याला बघून त्यांना कळलं. भिंतीला धरून खाली बसल्या. रडल्या नाहीत. कोपऱ्यात कांद्याची पिशवी भरून, तोंड बांधून ठेवलेली होती. तिच्याकडे बघत म्हणाल्या, "सायबांना एक सांगायचं व्हतं. राह्यलं."

मी म्हणालो, "काय, मावशी?"

"रवीचा फोन आला व्हता, त्या गडबडीत. म्हनला, आई, सायबांनी माझं नाव ठेवलंय इथं राह्यला. पण नको म्हनायची मुभा हाय, दोघं जण नाय म्हनून निघाले. मी बी येऊ का? लय घाबरला व्हता." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी म्हनले, सायबांनी तुला नोकरीला लावलं. त्यांनी भरवशानं नाव घातलं. त्यांना तोंडघशी पाडू नको. चार दिसानं ये. मी ठेवला त्याला, भाऊ. सायबांनी नाय. ते आपले दर महिन्याला येऊन मान खाली घालून बसायचे, ते त्यांना वाटतं त्यांच्यापायी गेला म्हनून. मला दिसत व्हतं ना. माझ्या एका बोलात मोकळे झाले असते. पण मला भ्या वाटायचं, खरं कळलं तर हे म्हनतील, ही कसली आई. यायचे बंद व्हतील. ते बोलायला लागले की मी चहाला उठायचे."

इतकी वर्षं दोन माणसं समोरासमोर भाकरी खात होती, दोघांच्या पोटात एकच गोष्ट, आणि दोघांना वाटत होतं की आपण केलेलं समोरच्याला माहीत नाही. साहेबांचं तोंड अखेर उघडणार होतं. ते मी बंद केलं. दूध दोन ठिकाणचं, भाजी दोन ठिकाणची, औषधसुद्धा दोन डॉक्टरांना विचारून घेणारा माणूस. आणि या एका गोष्टीत त्यांनी फक्त मला विचारलं. दुसऱ्या कुणाही शहाण्याला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, जा, सांगून टाका. नाही विचारलं.

हौसाबाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या संगतीचे. तुम्हाला बोलले का कधी?"

नाही म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"बोलले," मी म्हणालो. "ते तुम्हाला सांगणार होते. मी सांगू दिलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी शेतात मोटार चालू झाली, पाण्याचा आवाज यायला लागला. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठायला लागल्या. म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते."

"नको, मावशी," मी त्यांचा हात धरला. "चहा नंतर. आधी बसा."