काडतुसं देऊन पुंगळ्या

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात श्यामलाबाई खानझोडे यांनी तीस वर्षं माणसं झोपवली. भूलतज्ज्ञ होत्या त्या. साठी ओलांडली, रिटायर झाल्या, आणि बागकाम किंवा ब्रिज शिकायचं सोडून बाईंनी हातात रायफल घेतली. "जन्मभर लोकांना झोपवलंस, आता अख्ख्या वॉरिकशायरला उठवून बसवतेस," हे वाक्य त्यांचे यजमान मुरलीधरराव येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. ऐकवून झालं की टाळीसाठी थांबतात. टाळी मिळते; घरात चहा श्यामलाबाईंच्या हातचा असतो ना.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका त्यांना हळूच विचारतात, "तुम्हाला भीती नाही हो वाटत?"

"भूल देताना जास्त वाटायची," बाई म्हणतात आणि मोदकाच्या कळ्या पाडत राहतात. एक कळी दुसरीहून लहान नाही, मोठी नाही. हात बघावा तर तो.

तर हा हात रायफलही अशीच चालवतो. पण एक अट असते: काडतूस घरचं हवं. गोळी उडून गेली की मागे रिकामी पितळी पुंगळी उरते. बाकीचे ती भंगारात टाकतात. श्यामलाबाई ती वेचतात, घासूनपुसून लख्ख करतात आणि गराजमधल्या टेबलावर पुन्हा भरतात. बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजून दारू, वर नवी गोळी. विकतच्या आणि घरच्या लोणच्यात जो फरक, तोच इथे, असं त्यांचं मत.

या मताला तडा गेला तो सेलमुळे. दुकानात फॅक्टरीची काडतुसं निम्म्या किमतीत दिसली आणि बाईंचा नागपुरी हात शिवशिवला. खोकीच्या खोकी घरी आली. रायफलीला मात्र ती पसंत पडेनात. एक गोळी वर, एक खाली, एक थेट शेजाऱ्याच्या टार्गेटवर. त्यात त्यांच्या जुन्या पुंगळ्यांची तोंडं वापरून वापरून चिरली. दुकानदार नव्यांबद्दल "येतील, येतील" म्हणत राहिला.

आणि नेमका याच वर्षी चमत्कार झाला होता. कितीतरी वर्षं राखीव खुर्चीत बसून दुसऱ्यांचे कोट सांभाळल्यावर काउंटीच्या ज्येष्ठांच्या संघात, चौघांत, श्यामलाबाईंचं नाव लागलं होतं. सामना पंधरा दिवसांवर. सगळी खोकी झाडून पुंगळ्या मोकळ्या कराव्यात, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या खांद्याचं भरीत झालं असतं. चांगल्या पुंगळ्या मिळाल्या नाहीत तर पुन्हा राखीव खुर्ची, पुन्हा लोकांचे कोट.

अशा वेळी रंगमंचावर गॉर्डनचा प्रवेश झाला. गॉर्डन म्हणजे बाईंच्या रायफल क्लबातला रिटायर्ड पोस्टमन. उंच, सभ्य, चहात तीन चमचे साखर. त्याच्याकडे एका बादलीत एकाच बनावटीच्या, एकदाच वापरलेल्या पुंगळ्या होत्या. अंगठ्याला संधिवात झाल्यामुळे काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा त्याला ओढवेना. त्याला तयार काडतुसं हवी होती. त्याची रायफल काहीही गोड मानून खाणारी. दोघांकडे त्या काडतुसांचा परवाना. देवानेच जुळवलेलं स्थळ!

क्लबच्या शेडमध्ये चहाच्या बंबाशेजारी गॉर्डन म्हणाला, "डॉक्टर, तुमची दोन खोकी, माझ्या शंभर पुंगळ्या. चालेल?"

चालेल? धावलं असतं. पण त्याच क्षणी श्यामलाबाईंच्या अंगात आई संचारली. नागपूरला महाल भागातल्या माहेरच्या दारात बोहारीण यायची. जुन्या साड्यांवर भांडी. आईचं तंत्र ठरलेलं: हव्या असलेल्या पातेल्याकडे चुकूनही बघायचं नाही, नाक मुरडायचं, "राहू दे बाई" म्हणायचं आणि पाठ फिरवून आत चालू लागायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हाक यायचीच: "ओ बाई, या इकडे!" आणि पातेल्यावर एक वाटी वाढायची.

श्यामलाबाईंनी बादलीवरची नजर काढली. नाक मुरडलं. "शंभरच? छे, राहू दे, गॉर्डन." आणि पाठ फिरवून त्या दाराकडे निघाल्या. सावकाश. एक्झिट अशी की बघत राहावं.

"राइट-ओ," मागून गॉर्डनचा आवाज आला. मग चमचा कपात फिरल्याचा.

दारात त्या बुटाची नाडी बांधायला थांबल्या. बुटाला नाडी नव्हती. गाडीत बसल्या, चष्मा पुसला, आरसा नीट केला, बिघडवला, पुन्हा नीट केला. हाक नाही.

घरी मुरलीधरराव हसून हसून सोफ्यावर आडवे झाले. "अगं, इंग्रज माणूस तो! त्याला 'नाही' म्हटलं की 'नाही' ऐकू येतं."

"तुम्ही गप्प बसा हो. आणि हसायचं असेल तर आपल्या हाताने चहा करून हसा."

दोन दिवसांनी क्लबच्या सेक्रेटरी मॉरीनबाईंचा फोन आला. "गॉर्डन फार खजील झालाय, श्यामला. म्हणतो, मी डॉक्टरांना काहीतरी अपमानकारक बोललो. सोमवारी ती बादली भंगारात देणार आहे. डोळ्यांसमोर नको म्हणतो."

भंगारात! श्यामलाबाईंनी खोकी गाडीत घातली आणि रविवारी सकाळी शेडमध्ये हजर झाल्या.

त्यांना बघताच गॉर्डन उठून उभा राहिला. "डॉक्टर, माझं चुकलं. दोन खोक्यांना दोनशे घ्या."

"अहो, दोनशे कशाला? शंभर बरोबर होत्या."

"मग तीनशे. अख्खी बादलीच न्या."

"शंभर!"

"तीनशे!"

मॉरीनबाई बिस्कीट हातात धरून बघत राहिल्या. घासाघीस उलटी चालली होती. देणारा वाढवतोय, घेणारी कमी करतेय. शेवटी श्यामलाबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. महालातलं दार, जुन्या साड्या, पातेलं, पाठ फिरवणारी आई आणि उंबऱ्यावरची ती हाक.

गॉर्डनने डोकं खाजवलं. "म्हणजे मी तुम्हाला हाक मारायची होती?"

"दारापर्यंत पोचायच्या आत."

"आणि तुम्ही खरंच घरी गेलात?"

"मग काय करणार? तुम्ही चहा ढवळत बसलात!"

हसू ओसरल्यावर मूळच्या हिशेबाने व्यवहार ठरला, दोन खोक्यांना शंभर. मॉरीनबाईंनी परवान्यांवर काडतुसांची रीतसर नोंद केली. श्यामलाबाईंच्या मांडीवर लख्ख पुंगळ्यांची पिशवी आली. संघातली जागा राहिली. इथे पडदा पडायला हरकत नव्हती. पण आईने वर एक वाटी घेतल्याशिवाय बोहारणीला कधी सोडलं होतं?

"एक मात्र आहे, गॉर्डन. ही काडतुसं झाडलीत की त्यांच्या रिकाम्या पुंगळ्याही माझ्या. सरावाला होतील."

गॉर्डनचा चेहरा गंभीर झाला. त्याने खोकी उचलून बाईंसमोर टेबलावर परत ठेवली. बाईंच्या मांडीवरची पिशवी अलगद काढून घेतली. नाक मुरडलं, आयुष्यात पहिल्यांदाच मुरडत असावा, शिंक आल्यासारखं दिसलं. "राहू दे, डॉक्टर," म्हणाला आणि पाठ फिरवून दाराकडे चालू लागला.

श्यामलाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल. दारापाशी पोचून तो थांबला आणि खाली वाकून नाडी बांधू लागला. पायात त्याच्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि वॉरिकशायरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, नागपूरच्या महालातल्या खणखणीत आवाजात त्या ओरडल्या,

"ओ बाई, या इकडे!"