पडदेकाका आणि पित्त झालेला राजा

पडदेकाकांचं खरं काम सुताराचं. शाळेतले डुगडुगणारे बाक ठोकायचे, करकरणाऱ्या दारांना तेल द्यायचं, यातच वर्ष जायचं. पण कुणी विचारलंच, तर छाती पुढे काढून सांगणार, मी नाटकात असतो. असायचेही. वर्षातून एकदा, विंगेत, पडद्याची दोरी धरून.

अडचण एवढीच, की माणूस लोण्याहून मऊ. नाटकात कुणी मेलं की काकांच्या डोळ्यांना धार लागायची आणि रडू आलं की मूठ आवळायची. पडदा पाडायला दोरी सोडावी लागते. हे ती छातीशी धरून हुंदके देत बसणार. गेल्या वर्षी राणी मेली, पण पडदा काही पडेना. शेवटी मेलेल्या राणीला शिंक आली. लोकांनी शिंकेला टाळ्या दिल्या आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कपाळावर हात मारून घेतला.

यंदा बाईंनी पडद्यासाठी मोटर आणली. खोकं पाहूनच काकांचं तोंड एवढंसं झालं. बाई वाईट नव्हत्या, नुसत्या वक्तशीर होत्या. काकांनी फारच गयावया केली तेव्हा म्हणाल्या, एकदा बघू. पडदा वेळेवर पडला तर दोरी तुमची, नाहीतर मोटर बसवायची, आणि तीही तुम्हीच.

घरी काकूंनी उपाय काढला. "राजा मरायला लागला की माझ्या माहेरच्यांना आठवा. त्यांच्यासाठी तुम्हाला कधी रडू आलेलं नाही."

राजा होती सातवीतली एक दांडगी मुलगी. मागे तिचा स्कर्ट बाकाच्या खिळ्याला अडकून टरकन फाटला होता, तेव्हा काकांनी अंगातला सदरा काढून तिला कमरेला गुंडाळायला दिला आणि दिवसभर बनियनवर खिळे ठोकले. मोटरची बातमी तिच्याही कानावर आली होती.

नाटकाच्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजा विष प्यायला, गडाबडा लोळला आणि मेला. काकांनी निकराने सासऱ्यांना आठवलं. सासरे आठवले, आणि ते आता या जगात नाहीत हेही आठवलं. मग काय, दुहेरी धार. मूठ घट्ट.

राजाने एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. तो सरळ उठून बसला, निसटलेली मिशी दाबून बसवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रधानजी, ते विष नव्हतं. मला नुसतं पित्त झालं होतं."

प्रधानाला हे पाठ नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "मग आता बरं वाटतंय ना, महाराज?"

"अगदी ठणठणीत. काका, रडू नका. सोडा आता."

सभागृह पोट धरून हसत होतं. काका मात्र आता आनंदाने रडायला लागले, आणि आनंदाची मूठ तर दुःखाच्या मुठीहूनही घट्ट निघाली. मोठ्या बाई तरातरा विंगेत आल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाक लाल, गाल ओले.

"बाई," काका म्हणाले, "जगला हो तो."

बाई चांगलं खडसवायला आल्या होत्या, पण त्यांनी आधी स्वतःचेच डोळे टिपले. मग पर्समधला रुमाल काढून पुढे केला. रुमाल घ्यायला काकांनी हात पुढे केले, आणि दोरी सुटली. पडदा धाडकन पडला. प्रधान अर्धा बाहेर राहिला, पण पडदा पडला.

ती मोटर आता पडून आहे. दरवर्षी नाटकाला बाई विंगेत काकांशेजारी उभ्या राहतात, आणि शेवट झाला की रुमाल पुढे करतात. हल्ली त्या दोन रुमाल आणतात.